सिंधूच्या अंगणातले पंचवीस फूट

फोन आला तेव्हा मी कूलरवाल्याशी भांडत होते. एप्रिल अर्धा उलटला होता आणि हा माणूस दोन आठवडे 'उद्या नक्की' म्हणून मला झुलवत होता. शेवटी उगवला तो आधी माझ्याच कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला बसला. मी म्हटलं, "अहो, आधी शेजारचा करा. तिथली बाई सोमवारी दवाखान्यातून घरी येणार आहे. माझं काय, मी दोन दिवस घामात काढीन." तो म्हणाला, "दोन्ही होऊन राहिले नं बाई, काहून घाई करता?" तेवढ्यात फोन वाजला. डॉ. प्राचीचा होता. प्राची म्हणजे त्या शेजारणीच्या, सिंधूच्या हाताखाली शिकून तिच्याच संस्थेत संशोधक झालेली मुलगी. ती म्हणाली, "काकू, मॅडम आत्ता वारल्या." मी म्हटलं, "अगं, सोमवारी डिस्चार्ज आहे तिचा." कोणीतरी प्राचीला चुकीचा दिवस सांगितला असावा आणि तो मी दुरुस्त करून देत असेन, अशा सुरात. ती रडायला लागली तेव्हा मला कळलं. कूलरवाल्यालाही कळलं असावं. त्याने सिंधूच्या कूलरला नव्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं, चालू करून पाहिला आणि निघून गेला. त्या रिकाम्या घरात तो कूलर दुपारपर्यंत सुरू होता. बंद करायचं कोणाला सुचलंच नाही.

डॉ. सिंधू खोडके मेंदूवर संशोधन करायची. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकबाईंनी मला 'त्यांचं संशोधन आणि तुमची मैत्री' यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. एक तर मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर शाईने उतरवायचा. सगळी नोकरी मी कालवे काढण्यात घालवली, तेही दुसऱ्यांनी ठरवलेले. आणि दुसरं असं, की मैत्रीविषयी लिहायचं तर ती कसली मैत्री होती हे आधी मला कळायला हवं. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर धडाधड सांगितलं असतं. आता विचारलं तर... बाई म्हणाल्या, मग तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. पण शेवटी उत्तर मिळेल अशा आशेने कोणी वाचू नये.

सिंधू अकरावीत आमच्या वर्गात आली. काटोलच्या पलीकडचं गाव, घरची शेती, इथे नागपुरात मामाकडे राहायची. आमच्या घरी तीन पिढ्या कारकुनी, बोलणं पुस्तकी. तिचं 'मले', 'तुले' ऐकून वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त मी हसायचे. एक दिवस मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काहून हासून राहिली वं? मी काय म्हणून राहिली ते तुले समजलं नं? मंग झालं तं." एवढं बोलून माझ्या डब्यातली भाजी घेतली आणि माझ्याच शेजारी बसली. त्या दिवसापासून ती बाकावरून उठली नाही. पुढे मी भौतिकशास्त्रात आपटले आणि नकाशे काढायच्या कोर्सला गेले. ती पहिली येत येत पुण्याला गेली, तिथून परदेशात. तिकडे आठ वर्षं राहिली. तिथल्या मोठमोठ्या लोकांशी इंग्रजीत वाद घालायची म्हणे, पण मला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय करून राहिली वं कुंदी?"

चाळिशी उलटल्यावर ती अचानक परत आली. हुडकेश्वरला आमच्या लेआऊटमध्ये तेव्हा घरं कमी आणि शेतं जास्त होती. आमच्या शेजारचा प्लॉट तिने घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेत रुजू झाली. लग्न केलं नव्हतंच. मी विचारलं, एवढं सगळं सोडून इथे काहून आलीस? म्हणाली, "कटाळा आला थंडीचा." मी मान डोलावली. थंडीला कंटाळून नागपूरला आलेली बाई पहिल्याच मे महिन्यात ओल्या फडक्यासारखी लोळागोळा झाली, तरी मला काही वाटलं नाही. मानेवर ओला टॉवेल टाकून कूलरसमोर बसून असायची. मी म्हणायचे, "विदेशात राहून नाजूक झालीस." ती म्हणायची, "हो नं वं."

तिचं काम मला कळलं ते माझ्याच टेबलावर. मी एका कालव्याच्या अस्तराचा नकाशा उतरवत होते, ती चहाचा कप घेऊन वाकून पाहत होती. म्हणाली, "हे अस्तर उखडलं तं काय होते?" मी म्हटलं, पाणी मधेच मुरतं, टोकाच्या शेताला पोचत नाही. "आपल्या मेंदूतबी असंच होते," ती म्हणाली. मज्जातंतूंना अस्तर असतं. काही लोकांच्या शरीरातले राखणदारच बिथरतात आणि ते अस्तर कुरतडतात. या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, सगळे एमएस म्हणतात. कोणता कालवा फुटला त्यावर पुढचं ठरतं. कोणाची नजर धूसर होते, कोणाचा हात बधिर होतो, कोणाचा पाय ओढल्यासारखा होतो. मग सूज उतरते, माणसाला बरं वाटतं, घरचेही म्हणतात झालं बरं. सिंधूचा सगळा जन्म या 'झालं बरं'च्या पुढे काय होतं ते शोधण्यात गेला. झटका नसतानाही आत दाह धुमसत राहतो. मेंदूत साफसफाई करणाऱ्या ज्या पेशी असतात त्याच तापून बसतात आणि डागडुजी करणाऱ्या पेशींना कामाला लागू देत नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे सरकारी कामासारखंच. दुरुस्तीची गँग फावडी घेऊन तयार, आणि साहेब सही करत नाही." ती इतकी हसली की चहा सांडला... माझ्या नकाशावर. पुढे एका व्याख्यानात तिने माझं ते वाक्य वापरलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असं येऊन सांगितलं. मला काही नाव-बिव दिलं नव्हतं. त्यावरून मी चार दिवस अबोला धरला होता.

शनिवारी ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात बसायची. गोंदिया, यवतमाळ, कुठून कुठून लोक यायचे. एक शाळेतली बाई होती. तिचा पाय मधूनच लुळा पडायचा, मधूनच नीट व्हायचा, म्हणून सासरचे म्हणत की ही कामचुकारपणा करते. सिंधू त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटत होती. "दिसत नाही म्हणून लोकाइले खोटं वाटते," म्हणाली. हे वाक्य मला आता आठवतं तेव्हा अंगावर येतं. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, भांडी माझी आहेत, जरा हळू.

आता रविवारचं सांगते. दहाएक वर्षांपूर्वी तिने अंगणातल्या सिमेंटच्या वाटेवर दोन पिवळ्या रेघा मारल्या. माझ्याकडे खात्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेला टेप होता, त्याने मोजून बरोबर पंचवीस फूट. रविवारी सकाळी आठला मी तिच्याकडे जायचं. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत होईल तेवढं झपझप चालायचं, घड्याळ लावून. मग एका लाकडी पाटीवर नऊ भोकं होती, त्यांत नऊ खुंट्या बसवायच्या आणि काढायच्या. मग कागदावर एक जिलबी काढायची, आतून बाहेर, हात न उचलता. "म्हातारपणी हातपाय शाबूत राह्यले पाहिजे," असं ती म्हणाली. नेहमी आधी मी, मग ती. आकडे ती एका रजिस्टरमध्ये लिहायची. माझा स्वभाव असा की हळदीकुंकवाच्या खेळातसुद्धा मी हरले तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही. इथे तर सुरुवातीचं वर्ष सोडलं तर मी दर रविवारी जिंकायचे. जिलबीत तर ती माझ्या पासंगालाही पुरायची नाही, बत्तीस वर्षं हात शाईत घातलेला. मी तिची जिलबी पाहून म्हणायचे, "डॉक्टरांचं अक्षर ते." मे महिन्यात शर्यत बंद असायची. तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या हातात काठी आली. म्हणाली, गुडघा. आमच्या वयात गुडघ्याला कोण प्रश्न विचारतं? काठी घेऊनही ती रेघेवर उभी राहायची. यंदा होळीच्या सुमारास मी पलीकडच्या रेघेवर कमरेवर हात ठेवून तिची वाट पाहत म्हटलं होतं, "अगं, वरातीतसुद्धा लोक याच्यापेक्षा लवकर पुढे सरकतात. चाल की लवकर." ती हसली. रेघ ओलांडली, खुर्चीत बसली, रजिस्टर ओढलं. "घे. जिंकली तू."

एप्रिलमध्ये तिला ताप आला, छातीत कफ झाला, न्यूमोनिया म्हणाले. दवाखान्यात आठ दिवस होती. शेवटच्या शुक्रवारी मी गेले तेव्हा उठून बसली होती, चेहऱ्यावर जरा तकाकी होती. मला म्हणाली, "रविवारी चालजो. मी नसली तरी. आकडा लिहून ठेवजो." मी म्हटलं, मी एकटी कशाला चालू, आधी तू घरी ये. तिने माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "तुले सांगतलं तेवढं करत जा नं." मी नेहमीप्रमाणे वाद घातला. नर्स आली, तिने मला बाहेर काढलं.

तेराव्याला तिच्या संस्थेतले लोक आले. बसायला जागा नव्हती म्हणून काही जण अंगणात उभे होते. चहाचा ट्रे घेऊन गेले तर एक तरुण डॉक्टर त्या पिवळ्या रेघांकडे पाहत होता. म्हणाला, "मॅडम घरीपण पेशंट तपासायच्या का?" मी म्हटलं, "पेशंट कसले, आम्ही दोघी शर्यत लावायचो." तो म्हणाला, "पण ही तर एमएसची टेस्ट आहे. पंचवीस फुटांची." मग त्याने खिडकीतली ती नऊ भोकांची पाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि घाईघाईने चहा उचलला. मी उरलेल्या चहासकट ट्रे तिथेच पायरीवर ठेवला.

कारण मला एक गोष्ट आठवली होती. रेघा मारायच्या थोडं आधीच तिच्या संस्थेत एमआरआयचं नवं मशीन आलं होतं. आजारी मेंदूशी ताडून पाहायला त्यांना निरोगी माणसांचे स्कॅन हवे होते. सिंधू म्हणाली, "मले नॉर्मल मेंदू पाहिजे. तुझा चालते का पाहू." मी गेले, त्या नळकांड्यात अर्धा तास पडून राहिले, आले. निकाल विचारला नाही. आणि त्याच महिन्यात अंगणात रेघा पडल्या. बेरीज करायला काय लागतं? माझ्या मेंदूत तिला काहीतरी दिसलं होतं. दिसलं, आणि तिने मला सांगितलं नाही. दहा वर्षं दर रविवारी ती मला चालवून पाहत होती, खुंट्या बसवायला लावत होती, आणि मी मूर्खासारखी जिंकल्याचा आनंद मानत होते.

त्यानंतर माझं मलाच कळेना. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. खरंच यायच्या की मी लक्ष ठेवून होते म्हणून यायच्या? सुईत दोरा ओवताना दोनदा चुकले. दुधीला काय म्हणतात ते भाजीवालीसमोर आठवेना. आमचे हे म्हणाले, "वय झालं, दुसरं काही नाही," तर त्यांच्यावरच खेकसले. सिंधूवर असा राग आला की सांगता सोय नाही. मी तिची मैत्रीण होते की तिच्या रजिस्टरमधली ओळ? सांगायचं नव्हतं तर कोणत्या हक्काने नाही सांगितलं? पुन्हा वाटायचं, कदाचित मला सुखाने जगू द्यावं म्हणून गप्प राहिली असेल. पुन्हा वाटायचं, हे ठरवणारी ती कोण? एका दिवसात मी तिला दहा वेळा माफ करायचे आणि अकरा वेळा भांडायचे. भांडायला ती कुठे होती... रिकाम्या घराकडे पाहून मनातल्या मनात.

शेवटी मी प्राचीला गाठलं. म्हटलं, माझा जुना स्कॅन काय सांगतो ते मला आत्ता सांग. प्राची म्हणाली, "काकू, असं सांगता येत नाही." त्यांच्या कामाची रीतच तशी. स्कॅनवर नाव नसतं, फक्त नंबर. तपासणाऱ्याला डोकं कोणाचं ते माहीत नसतं, म्हणजे मनात काही ठरवून कोणी पाहत नाही. नावांची यादी वेगळी, कुलपात. ती उघडायची तर माझा लेखी अर्ज लागणार. मग तिने कपाटातून माझा जुना संमतीचा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला. चौथ्या पानावर एक प्रश्न होता. तपासणीत काही आढळलं तर आपल्याला कळवावे काय? खाली दोन चौकोन. 'कळवू नये' या चौकोनात टिक होती. माझीच. काळ्या शाईची, नीटस, रेघेबाहेर जराही न गेलेली.

मला तो दिवस लख्ख आठवला. सिंधू म्हणाली होती, घरी घेऊन जा, शांतपणे वाच. मी म्हटलं होतं, तुझ्या कागदावर मी डोळे झाकून सही करीन. आणि खरंच न वाचता सटासट टिका मारत गेले होते. ज्या बाईने नोकरीभर इंजिनिअरांना सुनावलं की साहेब, नकाशा वाचल्याशिवाय सही करू नका, त्या बाईने स्वतःच्या डोक्याच्या कागदावर न वाचता टिक मारली. आणि सिंधूचा स्वभाव मला माहीत होता. माझी टिक तिने पाहिली असेल तर ती मरेपर्यंत पाळली असेल. म्हणजे आता राग तरी कोणावर काढायचा? मी नवा अर्ज केला. या वेळी चष्मा पुसून चारही पानं वाचली, दोनदा, आणि 'कळवावे'वर टिक केली. समितीची बैठक होऊन यादी उघडायला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. मला आजाराची भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त भीती या गोष्टीची वाटत होती, की माझी एकुलती एक मैत्रीण आता मला एका रिपोर्टवरून कळणार. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जातानाही मी माझी पावलं ऐकायचे.

नवव्या दिवशी प्राचीने बोलावलं. खुर्चीत बसते न बसते तोच म्हणाली, "काकू, तुमचा स्कॅन अगदी स्वच्छ आहे. कुठे काही नाही." मी समोरचं भांडं उचललं. पाणी प्यायले. चहा मागितला, साखर जास्त टाकून. मग हळूहळू डोक्यात आलं की हे तर काहीच जुळत नाही. म्हटलं, "मग दहा वर्षं ती माझी परीक्षा काहून घेत होती?"

प्राची उठून कपाटाकडे गेली. म्हणाली, "तुम्ही हे विचारलंत तरच सांगायचं, नाही विचारलं तर नाही, असं मॅडमनी मला बजावलं होतं." तिने कपाटातून रजिस्टर काढलं. ते मी दर रविवारी पाहिलं होतं, पण उघडून कधीच नाही. प्रत्येक तारखेसमोर दोन आकडे होते, एक माझा, एक तिचा. "परीक्षा तुमची नव्हती, काकू," प्राची म्हणाली. माझा रकाना वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखा. सहा सेकंद, सहा, पावणेसहा, सहा. तिचा सहावर सुरू झाला होता. मग सात. मग बराच काळ आठ. मग अकरा. शेवटचा अठरा. जिलब्याही डकवून ठेवल्या होत्या, माझ्या शेजारी तिची. पहिल्या वर्षी तिचीही रेघ सलग, साफ. मग तिच्या रेघेला बारीक लहर यायला लागली, मग मोठी, मग ती रेघच राहिली नाही. मी अनुरेखक. दुसऱ्याच्या रेघेतली केसाएवढी चूक मी टेबलापलीकडून ओळखायचे. ही प्रत्येक जिलबी मी शाई ओली असताना पाहिली होती, आणि प्रत्येकीवर हसले होते.

सिंधूला एमएस होता. परदेशात असतानाच कळलं होतं. आधी ती त्या आजाराचा अभ्यास करत होती आणि मग तो आजार तिलाच झाला, हे कसं काय, तर प्राची म्हणाली, कसंही नाही, योगायोग. नवं मशीन आलं तेव्हा पहिला स्कॅन सिंधूने स्वतःचा केला होता, दुसरा माझा. थंडीचा कंटाळा नाही, गुडघा नाही, नाजूकपणा नाही. उन्हात त्या माणसांचं अंग असंच गळून जातं म्हणे. मला वीस वर्षं दिसत होतं आणि दिसलं नाही.

मी विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता, दारातून कोणीतरी डोकावलं. प्राची म्हणाली, "मीही विचारलं होतं. म्हणाल्या, कुंदीले कळलं तं ती माह्यासाठी हळू चालन. मंग मी किती मागं पडली हे मले कसं समजन?" प्राचीच्या तोंडून सिंधूची बोली ऐकून मला आधी हसू आलं आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

प्राचीला यात शास्त्राचं कारण दिसतं. मोजमाप करायचं तर ज्याच्याशी ताडायचं त्याला काही माहीत नसलेलं बरं. असेल तसं. मला कधी तसंच वाटतं, की मी तिच्या टेपवरचा आकडा होते, बस. कधी वाटतं, दिवसभर आजारी लोकांत राहून तिला आठवड्यातून एक तरी माणूस असा हवा होता की जो तिला सांभाळून घेणार नाही, तोंडावर हसेल, लवकर चाल म्हणेल. आणि कधी फार राग येतो. तू मला विचारलं असतंस तर मी पायात बळ धरून तुझ्यासमोर सहा सेकंदांतच चालले असते, सिंधू. मला तेवढं नाटक येतं. तू माझी परीक्षा घेतली नाहीस म्हणे, पण या एका गोष्टीत तू मला आधीच नापास करून ठेवलंस.

निघताना त्यांच्या संस्थेच्या लांबलचक व्हरांड्यात मी थांबले. तिथे जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या आहेत, रुग्णांना चालवून पाहायला. पंचवीस फूटच. बाकावर चार-पाच माणसं नंबर लागायची वाट पाहत बसली होती. मी प्राचीला म्हटलं, "घड्याळ लाव. मला अठरा सेकंदांत चालायचं आहे." ती काही तरी म्हणणार होती, पण माझा चेहरा पाहून तिने घड्याळ काढलं. मी चालले. माझ्या मते गोगलगायीसारखी. नऊ सेकंद. पुन्हा मागे आले. पाऊल टाकलं की थांबायचं, मनात मोजायचं, मग दुसरं, असं करत गेले. बारा. निरोगी पायांना तेवढा वेळ रस्त्यात काढताच येत नाही, ते आपोआप पुढे जातात. तिसऱ्यांदा निघाले. एक पाय उचलायचा आणि तो ऐकत नाही असं समजायचं. भिंत धरायची. मध्यापर्यंत आले असेन, आणि बाकावरची एक बाई, वर्ध्याकडची असावी, मला रुग्ण समजून म्हणाली, "आरामानं चाला बाई. काही घाई नाही."

मी जागच्या जागी उभी राहिले. एवढं साधं वाक्य. बाकावरची अनोळखी बाई ते बोलून गेली, आणि मी सिंधूला दहा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, की पुढच्या रविवारी तिने त्या रेघाच पुसून टाकल्या असत्या? देवाशपथ सांगते, मला कळत नाही. माझे डोळे भरून आले आणि समोरची पट्टी दिसेनाशी झाली.

"काकू, थांबवू का घड्याळ?" प्राचीने विचारलं.

मी म्हटलं, नको, चालू दे. आणि पुढचं पाऊल टाकलं.